एका ‘ब्रिटिश’ जहाजाचे चरित्र आणि शहापूर-मुरबाडचे रान

१/
‘अठराव्या शतकातील ब्रिटिश व्यापारी जहाज’ हे शब्द इतिहासाच्या पुस्तकांत इतक्या सहजपणे येतात की त्यांतील ‘ब्रिटिश’ या शब्दाकडे कोणी थांबून पाहत नाही. जहाज कोणी बांधले, कशाचे बांधले, ते लाकूड कोणत्या रानातले, ते रान कोणाचे, हे प्रश्न त्या एका विशेषणाखाली गाडले जातात. या धाग्यात अशाच एका जहाजाचे चरित्र आहे, आणि त्या चरित्रात ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्या बाजूने केलेला युक्तिवादही आहे.

२/
जहाजाचे नाव ‘स्वॉलो’, म्हणजे भिंगरी. जन्म मुंबईच्या गोदीत, १७७० च्या दशकाच्या अखेरीस. मृत्यू १८२३ मध्ये बंगालात, हुगळी नदीतील ‘जेम्स अँड मेरी’ या कुप्रसिद्ध वाळूच्या पट्ट्यावर. मधली चाळीसहून अधिक वर्षे हे जहाज तीन खंडांच्या किनाऱ्यांना लागत राहिले. समुद्री इतिहासाच्या हौशी अभ्यासकांना ही कथा फार प्रिय आहे आणि ती तशी असणे स्वाभाविकही आहे.

३/
आधी कथा. ‘स्वॉलो’ हे ईस्ट इंडिया कंपनीचे टपालजहाज होते. कंपनीची मोठी मालवाहू जहाजे वर्षातील ठरावीक मोसमात ताफ्याने निघत. टपालजहाज त्या मानाने लहान, चपळ आणि तातडीच्या कामाचे. कागद, हुकूम, बातम्या आणि अधिकारी ही त्याची मुख्य ओझी. लंडनच्या लीडनहॉल स्ट्रीटवर संचालकांनी केलेली सही हिंदुस्थानात हुकूम होऊन उतरायची, ती अशा जहाजांच्या पोटातून.

४/
१७८६ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस गव्हर्नर-जनरल म्हणून हिंदुस्थानात आला तो याच ‘स्वॉलो’मधून. पुढे १७९३ मध्ये बंगालची जमीन जमीनदारांच्या नावे कायमची लिहून देणारा कायमधारा त्याने लागू केला. हिंदुस्थानी लाकडाच्या आणि हिंदुस्थानी सुतारांच्या जहाजातून उतरलेल्या माणसाने कोट्यवधी हिंदुस्थानी शेतकऱ्यांच्या जमिनीची मालकी कागदावर नव्याने मांडली. जहाजाच्या चरित्रकारांना यात ‘एक प्रतिष्ठित प्रवासी’ एवढेच दिसते.

५/
१८०४ मध्ये हे जहाज ब्रिटिश नौदलाकडे गेले आणि त्याचे नाव ‘लिली’ झाले. फ्रान्सिस्को दे मिरांडा याने १८०६ मध्ये स्पेनच्या सत्तेविरुद्ध व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर उतरण्याचा धाडसी आणि फसलेला प्रयत्न केला, तेव्हा त्याच्या मदतीला गेलेल्या ब्रिटिश जहाजांत ‘लिली’ होती. १८११ मध्ये नौदलाने ती विकली. त्यानंतर पुन्हा व्यापार, पुन्हा हिंदुस्थानच्या फेऱ्या, आणि शेवटी हुगळीचा गाळ.

६/
या चरित्राला दंतकथेचीही जोड आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी ग्रंथांत असे सांगितले जाते की हे जहाज मध्यंतरी डेन्मार्कच्या मालकीचे झाले, वेस्ट इंडीजजवळ पकडले गेले आणि नौदलात ‘सिली’ या नावाने दाखल झाले. ‘सिली’ म्हणजे मूर्ख. कोणते नौदल आपल्या युद्धनौकेला असे नाव देईल? ‘लिली’ या नावातील पहिले अक्षर कोणीतरी चुकीचे वाचले आणि ती चूक ग्रंथामागून ग्रंथात उतरत गेली.

७/
ही चूक किरकोळ वाटेल. पण तिच्यातून एक गोष्ट नीट दिसते. ज्या जहाजाचे कप्तान, मालक, फेऱ्या आणि तोफा यांची नोंद ठेवणारी कार्यालये होती, त्याचे साधे नावही पुढच्या पिढीपर्यंत धड पोहोचले नाही. मग ज्यांच्या नोंदी ठेवणारे कार्यालयच नव्हते, त्या करवत ओढणाऱ्या, लाकूड वाहणाऱ्या, राळ तापवणाऱ्या माणसांविषयी ‘पुरावा नाही’ असे म्हणून विषय संपवणे हा इतिहासलेखनातील आळस आहे.

८/
आता जहाजाच्या अंगाकडे. इंग्लंडात जहाजे ओक लाकडाची होत. ओकमध्ये आम्ल असते. ते लोखंडी खिळे-बोल्ट खाते आणि लोखंडाचा गंज उलट लाकूड सडवतो. सागात तेल असते. ते लोखंडाला जपते, पाण्याला आणि किड्याला सहजासहजी दाद देत नाही, आणि नीट सुकवलेला साग उन्हापावसात फारसा आकसत-फुगत नाही. कंपनीसाठी भाड्याने चालणारी इंग्लंडात बांधलेली मोठी जहाजे दीर्घकाळ चार फेऱ्यांनंतर निवृत्त केली जात. पुढे ही मर्यादा सहापर्यंत वाढली. ‘स्वॉलो’ चार दशके चालली.

९/
कारागिरीही तितकीच महत्त्वाची. सुरतेहून १७३५-३६ च्या सुमारास मुंबईत आलेल्या लवजी नसरवानजी वाडियाने येथे जहाजबांधणीची परंपरा रुजवली. १७५० नंतरच्या दीड दशकात मुंबईत एकामागून एक कोरड्या गोद्या उभ्या राहिल्या. लवजी १७७४ मध्ये वारला आणि मुख्य कारागिराची जागा माणेकजी व बोमनजी या त्याच्या मुलांकडे आली. ‘स्वॉलो’ बांधली गेली ती या दोघांच्या कारकिर्दीत. फळ्यांच्या कडांना खाच घेऊन त्या एकमेकींत बसवायच्या आणि सांध्यात कापूस व राळ भरायची, ही मुंबईच्या बांधणीची ओळख होती.

१०/
या घराण्याच्या पुढच्या पिढीतील जमशेटजी बोमनजी वाडियाने ‘मिंडेन’ (१८१०), ‘कॉर्नवॉलिस’ (१८१३) आणि ‘त्रिंकोमाली’ (१८१७) ही लढाऊ जहाजे ब्रिटिश नौदलासाठी बांधली. १८४२ मध्ये चीनला अपमानित करणारा नानकिंगचा तह ‘कॉर्नवॉलिस’वर झाला. ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. दोनशे वर्षांनंतरही तो साग टिकून आहे.

११/
येथे पहिला प्रश्न. सुरतेच्या पारशी घराण्याचे कौशल्य, मुंबईची गोदी, हिंदुस्थानचा साग, आणि अनेकदा शिडांवर चढणारे खलाशी कोकण-गुजरातचे लष्कर. मग जहाज ‘ब्रिटिश’ कसे? उत्तर सरळ आहे: मालकीने. ‘ब्रिटिश’ हा येथे हिशेबाच्या वहीतला शब्द आहे. नफा ज्याच्या खात्यावर, जहाज त्याचे. हा शब्द त्या अर्थाने वापरायला हरकत नाही. पण त्याला जन्माचा, कौशल्याचा किंवा संस्कृतीचा दाखला समजणे चुकीचे आहे.

१२/
ब्रिटिशांना स्वतःला हा फरक उत्तम कळत होता. हिंदुस्थानात बांधलेली जहाजे टेम्स नदीत माल घेऊन येऊ लागली तेव्हा लंडनच्या जहाजबांधणाऱ्यांनी आरडाओरड केली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पावात झालेल्या कायद्यांनी असे ठरवले की हिंदुस्थानी लष्कर हे राजाचे प्रजाजन असले तरी जहाजावरील ‘ब्रिटिश खलाशी’ म्हणून मोजले जाणार नाहीत. जहाज ब्रिटिश, पण ते चालवणारा माणूस ब्रिटिश नाही. लाकूड आणि श्रम आत घ्यायचे, माणूस दाराबाहेर ठेवायचा.

१३/
दुसरा प्रश्न लाकडाचा, आणि येथून हा धागा शहापूर-मुरबाडकडे वळतो. अलीकडे एक गौरवकथा मोठ्या उत्साहाने पसरवली जाते: माहुलीच्या पायथ्याच्या आणि माळशेजच्या रानातील सागानेच इंग्रजांचे आरमार उभे राहिले, म्हणून हे तालुके म्हणजे साम्राज्याचा पाया. ऐकायला ही कथा छान आहे. पण अठराव्या शतकाच्या संदर्भात ती टिकत नाही, आणि तिचा मोह सोडणे या तालुक्यांच्याच हिताचे आहे.

१४/
कारण पहिले: मुंबईच्या गोदीचा मोठ्या जहाजांसाठीचा साग प्रामुख्याने मलबारहून समुद्रमार्गे येत असे. कारण दुसरे: ‘स्वॉलो’ बांधली गेली त्या काळात कल्याण प्रांत पेशव्यांचा होता आणि कंपनीशी युद्ध चालू होते. डिसेंबर १७७४ मध्ये कंपनीने ठाणे व साष्टी घेतली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला तिच्या फौजेला मान तुकवावी लागली. खाडीच्या अलीकडे कंपनी, पलीकडे मराठे, असा तो काळ होता.

१५/
१७८० मध्ये कंपनीच्या फौजांनी कल्याण घेतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वसई पडली आणि वज्रेश्वरीजवळ दुगाडच्या लढाईत मराठी सरदार रामचंद्र गणेश मारले गेले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई, कल्याण वगैरे मुलूख पेशव्यांना परत मिळाला. साष्टी व आसपासची बेटे कंपनीकडे राहिली. शहापूर-मुरबाडचे रान कंपनीच्या हाती कायमचे आले ते पेशवाईच्या अखेरीस, १८१७-१८ मध्ये. तेव्हा ‘स्वॉलो’ म्हातारी झाली होती.

१६/
म्हणजे या रानाचा जहाजांशी संबंधच नव्हता असे नव्हे. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराची बांधणी याच खाडीच्या काठी सुरू झाली. त्याआधी पोर्तुगीज वसई-आगाशीला जहाजे बांधत होते. उल्हास, काळू, भातसा या नद्यांचे खोरे म्हणजे डोंगरातले रान आणि खाडीतले बंदर यांना जोडणारी वाट. थळ घाट, माळशेज आणि नाणेघाट यांनी तीच वाट देशावर नेली.

१७/
मराठी राज्यालाही सागाचे मोल ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाविषयी स्वतंत्र सूचना आहेत. रानातील साग वगैरे तोडायचा तर हुजूरची परवानगी हवी. आणि आंबा-फणसासारखी रयतेची झाडे तोडू नयेत, कारण ती रयतेने पोटच्या लेकरासारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झाड घ्यायचे तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे. राज्याची गरज तेथेही आहेच. पण झाडाला धनी असतो आणि त्याला विचारावे लागते, हे मान्य आहे.

१८/
कोणी म्हणेल, आज्ञापत्र हा आदर्श झाला, व्यवहारात अंमलदार तसेच वागत असतील कशावरून? आक्षेप रास्त आहे. मराठी राज्यातही वेठ होती, पट्ट्या होत्या, रयतेवर जुलूमही होत असे. त्या काळाला रामराज्य ठरवण्याची गरज नाही. मुद्दा एवढाच की जंगल म्हणजे आधी लाकडाचे कोठार आणि त्यात राहणारा माणूस म्हणजे त्या कोठारातील उपद्रव, ही कल्पना या मातीत उगवलेली नाही. ती समुद्रावरून आली, आणि तिचा माग काढता येतो.

१९/
तो माग असा. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात ब्रिटनला ओक अपुरा पडू लागला आणि नौदलाची नजर हिंदुस्थानच्या सागाकडे वळली. १७९२ नंतर मलबार कंपनीच्या ताब्यात आलेच होते. १८०६ मध्ये तेथे कॅप्टन वॉटसन याची जंगलांचा ‘कॉन्झर्व्हेटर’ म्हणून नेमणूक झाली. सागावर सरकारचा हक्क सांगितला गेला आणि खाजगी मालकांचा व लाकूड व्यापाऱ्यांचा गळा आवळला गेला. तक्रारी इतक्या वाढल्या की मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो याने १८२३ मध्ये ते पदच रद्द केले.

२०/
१८२३. ‘स्वॉलो’ हुगळीत बुडाली तेच वर्ष. हा योगायोग आहे आणि योगायोगाला अर्थ चिकटवण्याची गरज नाही. पण एक फरक ध्यानात घ्यावा: जहाज बुडाले ते कायमचे, जहाजासाठी जन्मलेली कल्पना मात्र काही वर्षांनी पुन्हा वर आली. १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन पहिला कॉन्झर्व्हेटर झाला. गोदीला साग पुरेल का, ही चिंता त्या नेमणुकीमागील कारणांत होती. आणि आता शहापूर-मुरबाड कंपनीच्या मुलखात होते.

२१/
म्हणजे गौरवकथेने नाते उलटे जोडले आहे. शहापूरच्या सागाने ‘स्वॉलो’ घडली नाही. ‘स्वॉलो’सारख्या जहाजांनी जी भूक आणि जी नजर घडवली, ती पुढे शहापूरवर येऊन पडली. आधी लाकूड मोजले जाते, मग रान आखले जाते, मग त्यात राहणाऱ्याला विचारले जाते की तू येथे कसा. साम्राज्याचा पाया असण्याचा मान मिरवण्यापेक्षा हा क्रम समजून घेणे अधिक मोलाचे आहे.

२२/
लाकडाचे गिऱ्हाईकही बदलले. रेल्वे १८५५ मध्ये वासिंदला, १८६१ मध्ये कसाऱ्याला आणि १८६५ मध्ये घाट चढून इगतपुरीला पोहोचली. लोहमार्ग थेट शहापूरच्या रानातून गेला. मुंबई वाढत होती. तिला इमारती लाकूड, सरपण आणि कोळसा हवा होता. जे रान पूर्वी बैलगाडीच्या वेगाने बंदराला लागत असे ते आता आगगाडीच्या वेगाने शहराला लागले. भट्ट्या लावणारा मजूर कातकरी होता. कंत्राट आणि नफा दुसऱ्यांचा.

२३/
आणि जंगल विरळ झाल्यावर आरोपी कोण ठरला? राब. बाहेरच्या वाचकासाठी: या भागात भात, नाचणी, वरी यांचा तरवा करण्यापूर्वी उन्हाळ्यात त्या वाफ्यावर झाडाचे टहाळे, पालापाचोळा, शेण, गवत आणि वर थोडी माती असा थर देऊन भाजतात. तण मरते, राखेचे खत होते, पहिल्या पावसात रोप जोमाने येते. ऐनासारख्या झाडांचे टहाळे त्यासाठी छाटले जात; झाड उभे राही आणि पुन्हा फुटे. कोकणच्या मुसळधार पावसात हलक्या जमिनीवर शेती करण्याची ही पिढ्यांनी शोधलेली रीत.

२४/
जंगलखात्याला ती नासधूस वाटली. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव व संरक्षित जंगलांची चौकट घट्ट झाली; टहाळे तोडणे, गुरे चारणे, लाकूडफाटा आणणे हे हक्काचे व्यवहार एकेक करून सवलती झाले आणि सवलती काढून घेता येतात. ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत असंतोष एवढा वाढला की १८८५ मध्ये सरकारला मुंबई जंगल आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला आणि राबाचा प्रश्न त्या चौकशीच्या केंद्रस्थानी होता.

२५/
एक प्रतिवाद नेहमी केला जातो आणि तो टाळून चालणार नाही: इंग्रजांनी जंगल राखले नसते तर आज एवढेही उरले नसते. गिब्सनसारख्या अधिकाऱ्याला जंगलतोडीची, झरे आटण्याची खरी काळजी होती, हे नाकारण्याचे कारण नाही. गावातील सावकार, जमीनदार आणि कंत्राटदार यांनी झाडे विकली नाहीत असेही नाही. पण राखण्याचा भार कोणावर पडला ते पाहावे. बंदी गोदीवर आली नाही, रेल्वेवर आली नाही, मुंबईच्या चुलीवर आली नाही. ती आली ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि कुणबी यांच्या कोयत्यावर.

२६/
रोपवाटिकेसाठी फांदी छाटणारा आणि गोदीसाठी अख्खे खोड उतरवणारा यांच्यात पहिल्याला ‘नाशक’ आणि दुसऱ्याला ‘रक्षक’ ठरवणारा इतिहास हा तटस्थ असू शकत नाही. तो दुसऱ्याच्या दप्तरात बसून लिहिलेला असतो. जहाजाच्या चरित्रात कप्तानांची नावे येतात आणि सुतार येत नाहीत. जंगलाच्या चरित्रात कॉन्झर्व्हेटरांची नावे येतात आणि राब भाजणारा येतो तो फक्त गुन्हेगार म्हणून. दोन्ही चरित्रांची लेखणी एकच आहे.

२७/
‘हे सारे दीडशे वर्षांपूर्वीचे, आता उकरून काय उपयोग?’ उपयोग आहे, आणि तो शहापूर व मुरबाडच्या तहसील कचेऱ्यांत रोज दिसू शकतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमीन कसणाऱ्यांचे हक्क मान्य करण्याची वाट उघडली. आदिवासी दावेदाराचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा हवा. इतर पारंपरिक वननिवाशांना त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला कागदातून वगळले, त्याच्याकडेच आता कागद मागितला जातो.

२८/
ठाणे जिल्ह्यात ‘एकसाली’ हा शब्द अजून कानावर येतो. वनजमिनीचा तुकडा एका वर्षाच्या बोलीवर कसायला द्यायचा, पुढच्या वर्षी पुन्हा. माणूस तीच जमीन आयुष्यभर कसतो, त्याचा मुलगाही कसतो, पण दप्तरात तो कायम एका वर्षाचा पाहुणा. नोंद थांबली की तोच माणूस ‘अतिक्रमणदार’. हा शब्द ‘ब्रिटिश जहाज’ या शब्दासारखाच आहे: मालकीची वही उघडून ठरवलेला, जमिनीवर उभे राहून नव्हे.

२९/
कायद्याच्या नियमांत मात्र एक महत्त्वाची सोय आहे. पुराव्यांच्या यादीत गॅझेटियर, जनगणना, जंगलखात्याचे कार्य आराखडे अशी सरकारी कागदपत्रे आहेत, आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदनही आहे. म्हणजे १८८२ च्या ठाणे गॅझेटियरचे पान आणि पाड्यावरील एखाद्या आजीची आठवण या दोहोंना कायद्याने पुराव्याच्या एकाच यादीत बसवले आहे. एवढे धैर्य इतिहासाच्या विभागांनी अजून पुरते दाखवलेले नाही.

३०/
म्हणूनच खोटी गौरवकथा निरुपद्रवी नसते. माहुलीचा साग ‘स्वॉलो’त होता असे बेधडक सांगणारा मनुष्य चांगल्या हेतूने सांगत असेल, पण तपासणाऱ्याने १७७९ ची राजकीय स्थिती आणि मलबारचा पुरवठा दाखवून ती कथा दोन मिनिटांत मोडली की तिच्यासोबत खरी तक्रारही मोडीत निघते. १८४७, १८७८ आणि १८८५ या तारखा पक्क्या आहेत. ज्यांच्या हाती पक्के आहे त्यांनी कच्च्यावर पाय ठेवू नये.

३१/
समुद्राकडे जाणारी वाट आजही वाहतेच आहे, फक्त माल बदलला आहे. शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ चे. पुढे वैतरणा आणि भातसाही मुंबईच्या नळाला जोडल्या गेल्या. मुरबाडकडच्या बारवीचे पाणी कारखान्यांना आणि शहरांना जाते. आणि उन्हाळ्यात शहापूरच्या कित्येक गाव-पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. धरणाची भिंत गावाजवळ, पाणी शंभर किलोमीटर दूर. आधी लाकूड, मग कोळसा, मग पाणी. हिशेबाची वही मात्र तीच.

३२/
तर ‘स्वॉलो’चे चरित्र वाचावे, अवश्य वाचावे. कॉर्नवॉलिसचा प्रवास, मिरांडाची मोहीम, हुगळीतील शेवट, हे सारे रंजक आहे आणि खरे आहे. पण पुढे कोणी ‘ब्रिटिश जहाज’ म्हटले की तीन प्रश्न विचारावेत. मालक कोण? बांधणारा कोण? आणि ज्या रानाने त्याचे अंग पुरवले त्या रानाला, त्या रानातील माणसाला, त्याची किंमत कोणी दिली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पुस्तकात आहे. दुसऱ्याचे थोड्या पुस्तकांत आहे.

३३/
तिसऱ्याचे उत्तर मलबारच्या तक्रारअर्जांत, ठाण्याच्या जंगल आयोगाच्या अहवालात आणि शहापूर-मुरबाडच्या ग्रामसभांपुढे पडून असलेल्या वनहक्क दाव्यांत विखुरलेले आहे. ते एकत्र करणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे काम आहे, आणि ते लवकर व्हायला हवे. साग दोनशे वर्षे टिकतो. ज्यांच्या निवेदनावर दावा उभा राहायचा ती वडीलधारी माणसे तेवढी थांबणार नाहीत.

(धागा समाप्त)